गाईडला किती स्टार? माणसांना गुण देणाऱ्या वेबसाइटींची एक तपासणी

नेट निघाली, पेट निघाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गाईड कोण? मग सीनियरना फोन सुरू होतात. "सर कसे आहेत?" "मॅडम वेळेत सोडतात का?" उत्तरंही ठरलेली. "चांगले आहेत रे, फक्त जरा कडक आहेत." यातून हाती काहीच लागत नाही. म्हणून हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात एक कल्पना असते: हॉटेलला स्टार देता येतात, डॉक्टरला देता येतात, मग गाईडला का नाही? एक साइट असावी, नाव टाकलं की मागच्या विद्यार्थ्यांची मतं समोर यावीत, तीही निनावी.

मागणी रास्त आहे, हे आधी मान्य करू. आपली चार-पाच वर्षं एका माणसाच्या सहीवर अवलंबून असणार असतील, तर त्या माणसाबद्दल आधी माहिती हवी असं वाटणं यात चूक काहीच नाही. पण वर्गात दोनशे मुलांना शिकवणाऱ्या प्राध्यापकाबद्दल अशी साइट थोडीफार उपयोगी पडली, तरी पीएचडीच्या गाईडबाबत, म्हणजे जिथे तिची सगळ्यात जास्त गरज आहे नेमकी तिथेच, ती सगळ्यात वाईट फसते, असं माझं मत आहे. आणि फसल्याची किंमत साइट देत नाही, गाईडही फारशी देत नाही. ती विद्यार्थी देतो. हे कसं, ते बघू. मोजमापापासून सुरू करतो, कारण ते आपलं क्षेत्र आहे. कायद्याकडे नंतर येऊ.

या प्रकारातली सगळ्यात माहितीची साइट अमेरिकेतली, 'रेट माय प्रोफेसर्स'. सुरू झाली १९९९ मध्ये. प्राध्यापकाचं नाव, त्याला मिळालेले गुण, विषय किती अवघड, आणि खाली निनावी शेरे. कित्येक वर्षं तिथे आणखी एक खूण होती, लाल मिरचीची. प्राध्यापक दिसायला 'हॉट' आहे का, हे सांगण्यासाठी! ती मिरची २०१८ मध्ये काढली, तीही महिला प्राध्यापकांनी जाहीरपणे टीका केल्यावर. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं शिकवण्याचे गुण आणि दिसण्याचे गुण एकाच पानावर शेजारी शेजारी बसले होते.

आता केमिस्ट्रीवाल्यांना एक ओळखीची गोष्ट. यूव्ही-व्हिजिबलवर सॅम्पल लावायच्या आधी आपण ब्लँक घेतो. सॉल्व्हंट आणि क्युव्हेट स्वतः किती प्रकाश शोषतात ते वजा केल्याशिवाय आलेलं रीडिंग सॅम्पलचं म्हणता येत नाही. माणसाला मिळालेल्या रेटिंगचा ब्लँक कुठे असतो? हेच काम दुसऱ्या कोणी केलं असतं, तर त्याला किती गुण मिळाले असते? हे कळल्याशिवाय '३.८' हा आकडा माणसाबद्दल बोलतोय की गुण देणाऱ्यांच्या सवयींबद्दल, हे सांगता येत नाही.

असा ब्लँक घ्यायचा एक प्रयत्न झालेला आहे. लिलियन मॅकनेल आणि तिच्या दोन सहकाऱ्यांचा २०१५ चा पेपर. अमेरिकेतला एक ऑनलाइन कोर्स, दोन सहायक शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री. प्रत्येकाकडे दोन गट. एका गटाला शिक्षकाची खरी ओळख सांगितली, दुसऱ्या गटाला एकमेकांची. विद्यार्थ्यांनी त्यांना प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. शेवटी ज्याला विद्यार्थी 'पुरुष' समजत होते त्याला जास्त गुण मिळाले, खरा शिक्षक कोणीही असो. त्यात एक प्रश्न होता, तपासलेलं काम वेळेवर परत मिळतं का? सगळ्या गटांना काम एकाच वेळी परत दिलं जात होतं. तरी 'पुरुषा'ला ५ पैकी ४.३५ आणि 'स्त्री'ला ३.५५. घड्याळाने मोजता येईल अशा गोष्टीतही नावामुळे इतका फरक.

पण थांबा. हा पेपर उचलून लगेच आपल्या इंट्रोडक्शनमध्ये टाकू नका. त्यात एकूण विद्यार्थी ४३. चार गटांत वाटले की प्रत्येक गटात दहा-अकरा. एवढ्याशा सॅम्पलवरून 'सगळीकडे असंच होतं' म्हणता येत नाही. दिशा दाखवणारा पुरावा आहे, मोजपट्टी नाही. आवडलेला निष्कर्ष देणाऱ्या पेपरचाही एन बघायचा, हे सोडायचं नाही.

आता कायदा. इथे वेगवेगळे देश अगदी वेगवेगळ्या वाटांनी गेले आहेत.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० आहे. वापरकर्त्याने लिहिलेल्या मजकुरासाठी साइटला प्रकाशक मानायचं नाही. त्यामुळे प्राध्यापकाची बदनामी झाली तरी साइटवर खटला चालवणं जवळपास अशक्य. खटला करायचा तर लिहिणाऱ्यावर.

फ्रान्स दुसऱ्या टोकाला. २००८ च्या जानेवारीअखेर तिथे 'नोट टू बी' नावाची साइट सुरू झाली, शाळेतल्या मुलांनी शिक्षकांना गुण द्यायचे. शिक्षक आणि त्यांची संघटना कोर्टात गेली. ३ मार्चला पॅरिसच्या कोर्टाने शिक्षकांची नावं काढायला लावली. जूनमध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. साइटचं जे काही आयुष्य होतं ते नावांवर होतं, नावं गेली आणि विषय संपला.

जर्मनीची वाट मधली, आणि मला सगळ्यात विचार करायला लावणारी. 'श्पिकमिश' या साइटवर मुलं शिक्षकांना १ ते ६ गुण देत, जर्मन शाळेतल्यासारखेच, १ सर्वोत्तम. एका शिक्षिकेला जर्मन विषयासाठी सरासरी ४.३ मिळाले. ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टांत हरत हरत प्रकरण तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं, आणि २३ जून २००९ रोजी तिथेही ती हरली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: ही मतं तिच्या खाजगी आयुष्याबद्दल नाहीत, नोकरीतल्या वागण्याबद्दल आहेत, तिथे टीका सहन करावी लागते. मतं निनावी आहेत म्हणून ती बेकायदेशीर ठरत नाहीत. शिवाय साइटवर नोंदणी लागते, शाळेचं नाव माहीत असावं लागतं, आणि सर्च इंजिनमध्ये शिक्षिकेचं नाव टाकून ही माहिती सापडत नाही.

निकालातलं हे शेवटचं 'शिवाय' मला फार महत्त्वाचं वाटतं. हे तत्त्व नाहीये, त्या साइटची तांत्रिक रचना आहे. म्हणजे न्यायालयाने परवानगी दिली ती एका बंद दाराआडच्या चर्चेला. आज कोणी म्हणालं की 'जर्मनीत तर हे कायदेशीर आहे', तर विचारायचं की तुमच्या साइटला ते दार आहे का? गूगलवर गाईडचं नाव टाकल्याबरोबर पहिल्या पानावर स्टार दिसणार असतील तर त्या निकालाचा अर्धा आधार गळून पडतो.

दुसरी गोष्ट मला खटकते. त्या साइटवर 'गुण देताना न्यायी', 'चांगला शिकवतो', 'विषयात तज्ज्ञ', 'कूल आणि विनोदी' असे निकष एका रांगेत होते, आणि त्यांची मिळून एक सरासरी. परीक्षा न्याय्य वाटली का, हे चौदा वर्षांचं मूल सांगू शकतं. त्यासाठी ते उत्तम साक्षीदार आहे. पण शिक्षिका विषयात तज्ज्ञ आहे का, हे सांगायला त्याच्याकडे काय आधार? न्यायालयाने निकष वेगवेगळे तपासले असते, तर निकाल कदाचित बदलला नसता, पण निदान कोणत्या मताला किती वजन द्यायचं ते पुढच्यांना कळलं असतं.

जर्मनीतच नंतर डॉक्टरांना स्टार देणाऱ्या 'जमेडा'बद्दल निकाल आले. २०१६ मध्ये न्यायालय म्हणालं, डॉक्टरने 'हा माणूस माझ्याकडे आलाच नव्हता' अशी तक्रार केली, तर साइटला नीट तपास करावा लागेल. २०१८ मध्ये एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरचं पान पूर्ण काढायला लावलं. कारण? जी पैसे भरत नाही तिच्या पानावर पैसे भरणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात दिसत होती, आणि पैसे भरणाऱ्यांच्या पानावर दिसत नव्हती. म्हणजे साइट त्रयस्थ राहिली नव्हती. उद्या कोणी 'गाईड रेटिंग' साइट काढली, तर तिच्या पैशाचा उगम काय, हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारीन.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे साइटला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण आहे. २०१५ च्या श्रेया सिंघल निकालाने कलम ६६अ रद्द केलं हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच निकालाने असंही सांगितलं, की मजकूर काढण्याची साइटची जबाबदारी कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश हाती आल्यावर सुरू होते, कोणाच्या खाजगी तक्रारीने नाही. इथपर्यंत छान वाटतं. पण लिहिणाऱ्याचं काय? अब्रुनुकसानी हा आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये फौजदारी अब्रुनुकसानी घटनेला धरून आहे असं म्हटलं आहे.

आणि इथे एक बारकावा आहे जो पुष्कळांना माहीत नसतो. दिवाणी दाव्यात 'मी लिहिलं ते खरं आहे' एवढं सिद्ध केलं तर पुरतं. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. ते लोकहितासाठी प्रसिद्ध केलं होतं, हेही दाखवावं लागतं. सद्भावनेने दिलेल्या मतासाठी वेगळे अपवाद आहेत, पण ते लागू होतात की नाही ते कोर्टात ठरतं, आणि तोपर्यंत तारखा तुमच्या नावावर पडत असतात. निनावी आहोत ना, मग काय, असं म्हणू नका. कोर्ट साइटकडे लिहिणाऱ्याची माहिती मागू शकतं.

आता हे सगळं गाईडवर लावून बघू. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त ८ पीएचडीचे विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडे ६, असिस्टंट प्रोफेसरकडे ४. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा. दोनशेच्या वर्गातला एक शेरा गर्दीत हरवतो. चौघांमधला शेरा कसा हरवेल? "सिनॉप्सिसच्या आधी सहा महिने ड्राफ्ट टेबलावर पडून होता" असं लिहिलंत की संपलं. त्या वर्षी सिनॉप्सिस एकाचंच झालेलं असतं. निनावीपण हे गर्दीमुळे मिळतं, नाव लपवल्याने नाही. आणि गाईडकडे गर्दीच नसते.

संख्याशास्त्रवाले यावर एक उपाय सुचवतील: किमान पाच मतं जमल्याशिवाय काही दाखवायचंच नाही. उपाय बरोबर आहे. फक्त मग चार विद्यार्थ्यांची मर्यादा असलेला असिस्टंट प्रोफेसर सध्याच्या विद्यार्थ्यांच्या मतांवर त्या साइटवर कधीच दिसणार नाही. जुने विद्यार्थी धरले तर आकडा भरेल, पण दहा वर्षांपूर्वी नवीन लागलेले सर आणि आजचे विभागप्रमुख सर हे एकाच सरासरीत बसवायचे का? पुन्हा, पीएचडी सोडून गेलेली मुलं त्या साइटवर येऊन लिहितील याची खात्री काय? ज्यांचं मत सगळ्यात जास्त कामाचं, तेच सॅम्पलमध्ये नसण्याची शक्यता जास्त.

मग राहतं काय? मोघम कौतुक, आणि ज्याला गमावण्यासारखं काही उरलेलं नाही त्याचा राग. खरी माहिती असलेला, तिसऱ्या वर्षाला असलेला, फेलोशिपच्या कागदावर दर महिन्याला सही लागणारा विद्यार्थी गप्प बसतो.

साइटने ओळख जपायचं वचन दिलं तरी ते वचन किती टिकतं, याचं ताजं उदाहरण २०२५ च्या जुलैमधलं आहे. अमेरिकेत 'टी' नावाचं ॲप होतं, त्यावर बायका डेटिंगमधल्या पुरुषांबद्दल निनावी माहिती द्यायच्या, इतर बायका सावध व्हाव्यात म्हणून. खातं उघडताना सेल्फी किंवा ओळखपत्र द्यावं लागे. जुन्या, नीट न झाकलेल्या साठ्यातून सुमारे ७२,००० फोटो बाहेर आले. त्यातले सुमारे १३,००० सेल्फी आणि ओळखपत्रांचे. ज्या बायका स्वतःच्या सुरक्षिततेसाठी तिथे आल्या होत्या, त्यांचेच चेहरे नेटवर. ज्यांच्याबद्दल त्यांच्या संमतीशिवाय लिहिलं गेलं त्या पुरुषांचा प्रश्न वेगळा, आणि तोही खराच. पण इथेही किंमत लिहिणाऱ्यांनी मोजली.

तुम्ही म्हणाल, मग छळ झाला तरी गप्प बसायचं का? हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या नावांची एक यादी फेसबुकवर आली. लैंगिक छळाचे आरोप, तक्रार करणाऱ्यांची नावं नाहीत, पहिल्या रूपात बहुतेक नावांपुढे तपशीलही नाही. त्यावर स्त्रीवादी चळवळीतच फूट पडली. काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी लिहिलं की रीतसर चौकशीशिवाय नावं जाहीर करू नका. तरुण मुली म्हणाल्या, रीतसर चौकशीने आम्हाला काय दिलं? मला या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं वाटत नाही. २०१३ च्या कायद्याने प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असायला हवी, पण जिथे समितीतले लोक आणि गाईड एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात तिथे मुलीने कुठे जायचं? तरीही एक फरक ठामपणे करावासा वाटतो. ती यादी हा इशारा होता, शेवटचा मार्ग म्हणून दिलेला. स्टार हा इशारा नसतो. छळ आणि 'ड्राफ्ट उशिरा बघतात' या दोन गोष्टी एकाच साइटवर २.१ आणि २.४ अशा शेजारी बसल्या, तर पहिली गोष्ट लहान होते. गंभीर आरोपाला सरासरी काढून पातळ करण्याची ही रीत मला आरोपीपेक्षा तक्रारदारावर जास्त अन्याय करणारी वाटते.

मग गाईड निवडताना करायचं काय? मतं सोडा, नोंदी बघा. शोधगंगावर गाईडच्या नावाने शोधता येतं. किती प्रबंध झाले, विषय काय, आणि जिथे तारखा भरलेल्या आहेत तिथे नोंदणीपासून पदवीपर्यंत किती वर्षं गेली, हे दिसतं. त्यातली उणीव लक्षात ठेवा: तिथे पूर्ण झालेलेच दिसतात. नोंदणी किती झाली आणि किती रद्द झाल्या हे विद्यापीठाकडे असतं, आणि सरकारी विद्यापीठ माहिती अधिकाराच्या कक्षेत येतं. विद्यार्थ्यांची नावं न मागता, विभागवार किंवा गाईडवार नुसते आकडे मागा. विद्यापीठांनी हे आकडे स्वतःहून वेबसाइटवर टाकले तर निम्म्या लोकांना रेटिंगची आठवणही येणार नाही.

आणि सीनियरला फोन कराल तेव्हा 'सर कसे आहेत' विचारू नका. विशेषण मागितलं की विशेषणच मिळतं. ड्राफ्ट दिल्यावर किती दिवसांनी परत येतो? तुझ्या पेपरवर पहिलं नाव कोणाचं होतं? लॅबमध्ये कोणी मधेच सोडून गेलं का, आणि त्यांचा नंबर मिळेल का? या प्रश्नांची उत्तरं देताना कोणाची बदनामी होत नाही, आणि तोंडी असल्याने ती कुठे कायमची चिकटूनही राहत नाहीत. नंबर मागितल्यावर पलीकडे शांतता झाली तर ती शांतताही डेटा आहे.

शेवटी त्यांच्यासाठी, ज्यांना असे शेरे हाच संशोधनाचा विषय करायचा आहे. समाजशास्त्र, भाषाशास्त्र, डेटा सायन्स, सगळीकडून हा मोह होतो, कारण डेटा फुकट दिसतो. 'सार्वजनिकच आहे की' हा युक्तिवाद २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या काही संशोधकांनी केला होता. त्यांनी ओकेक्युपिड या डेटिंग साइटवरच्या सुमारे ७०,००० लोकांची माहिती गोळा करून उघड्यावर टाकली. ती पुढे काढावी लागली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून जी सार्वजनिक माहिती वगळली आहे ती माणसाने स्वतः उघड केलेली, किंवा कायद्याने उघड करावी लागलेली. दुसऱ्याने त्याच्याबद्दल लिहिलेला शेरा त्यात बसत नाही. संशोधनासाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच, आणि ठरवून दिलेले निकष पाळून.

चांगलं काम कसं होतं त्याचंही उदाहरण आहे. बेन श्मिट या इतिहासाच्या प्राध्यापकाने २०१५ मध्ये रेट माय प्रोफेसर्सवरच्या सुमारे १ कोटी ४० लाख शेऱ्यांमधले शब्द मोजले. कोणता शब्द पुरुष प्राध्यापकांसाठी जास्त येतो, कोणता स्त्रियांसाठी, विषयवार. 'जीनियस' बहुतेक विषयांत पुरुषांकडे झुकतो. त्या आलेखात एकाही प्राध्यापकाचं नाव नाही, एकही पूर्ण वाक्य नाही. तुमचा प्रोजेक्ट लहान असेल आणि शेरे उद्धृत करावेच लागणार असतील, तर एक साधी चाचणी करा: ते वाक्य अवतरणचिन्हात टाकून गूगलवर शोधा. मूळ पान आणि नाव सापडलं, तर तुमच्या प्रबंधातलं 'प्राध्यापक क' हे टोपणनाव कोणालाच झाकत नाहीये. वाक्य तुमच्या शब्दांत सांगा, आणि एथिक्स कमिटीच्या अर्जात तसं का केलं ते लिहा.